या नाताळला प्रभूला काय द्यायचं? आगमनकाळापासून २ फेब्रुवारीपर्यंतची तयारी

नाशिकच्या ख्रिस्ती घरांत नाताळची चाहूल नोव्हेंबरच्या शेवटी लागते. शरणपूर रोडच्या बाजूला दारांवर चांदण्या चढतात, तरुण संघाची कॅरलची तालीम सुरू होते, करंज्या कुणाकडे आणि चकल्या कुणाकडे याची महिला मंडळात वाटणी होते. नाशिकरोडला गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, गवत, बांबू, माती गोळा व्हायला लागते. ही धांदल मला मनापासून आवडते. पण तिच्यात एक गोष्ट मागे पडते. प्रभूपुढे एकट्याने बसून ‘माझ्या आयुष्यातला कोणता भाग अजून तुझ्या हाती दिलेला नाही?’ असं विचारायला वेळच उरत नाही, आणि वर्षअखेरच्या उपासनेत घाईघाईने केलेला निश्चय जानेवारीतच विरून जातो.

नाताळ हा असा निश्चय करण्याचा फार योग्य काळ आहे, कारण देवाने स्वतःला दिलं ते याच घटनेत. म्हणून हा लेख. कॅथलिक असा, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असा, मेथडिस्ट असा किंवा एखाद्या स्वतंत्र मंडळीचे, यातलं बहुतेक सगळं तुम्हाला करता येईल. माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे: समर्पण, म्हणजे प्रभूला द्यायचा हा निश्चय, एकच असावं, ते नेमकं असावं आणि ते निदान एका माणसाला माहीत असावं.

लूकच्या चोवीस अध्यायांपासून सुरुवात

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान कधीही येतो. त्या दिवशी घरात एक मेणबत्ती लावा, पुढच्या रविवारी दोन, मग तीन, मग चार. मुलांना हे लावून द्या, ती स्वतःहून आठवण ठेवतात.

खरं काम १ डिसेंबरला सुरू होतं. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवसही चोवीस. रोज एक अध्याय, शक्यतो मोठ्याने. पहिला आणि बाविसावा लांब आहेत, त्यांना जास्त वेळ ठेवा. एरवी दहा-बारा मिनिटं पुरतात. नुसते जन्माचे उतारे वाचण्यापेक्षा ही पद्धत मला चांगली वाटते, कारण गव्हाणीतल्या बाळापुढे हात जोडणं सोपं आहे. तेच बाळ मोठं होऊन काय शिकवतं, कुणाच्या घरी जेवायला जातं, कुणाला स्पष्ट बोलतं आणि शेवटी कुठल्या टेकडीवर जातं, हे वाचून झाल्यावर २५ तारखेला आपण कुणाचा जन्म साजरा करतोय हे पक्कं ठाऊक असतं.

वेळ आत्ताच ठरवून घ्या. सातपूर-अंबडला पहिल्या पाळीला जाणाऱ्याला पहाटे जमणार नाही. त्याने रात्री जेवणानंतर बसावं. ज्यांच्या घरी कौटुंबिक प्रार्थना होते त्यांनी ती याच वाचनाभोवती करावी. वाचून झालं की वहीत एकच ओळ लिहायची: आजच्या अध्यायात मी कुठे अडखळलो? आवडलेलं वचन लिहिण्याची सवय आपल्याला आधीच असते. इथे मुद्दाम अडखळलेली जागा लिहा. पुढे याच ओळी कामाला येतील.

१ डिसेंबरच्या अध्यायात मरीया देवदूताला आपला होकार देते. त्याआधी ती एक प्रश्न विचारते, हे विसरू नका. समर्पण करणाऱ्याने शंका मनात दाबून ठेवायच्या असतात असा एक समज आपल्या मंडळ्यांत आहे. पवित्र शास्त्रातलं सगळ्यात मोठं ‘हो’ मात्र प्रश्न विचारूनच आलेलं आहे.

३ डिसेंबर: ‘आम्ही काय करावं?’

तिसऱ्या अध्यायावर जास्त थांबा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो प्रत्येकाला त्याच्या परिस्थितीप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे उत्तर देतो. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाकडून धाकदपटशाने पैसे काढू नयेत, पगारात भागवावं. ‘जास्त प्रार्थना करा’ एवढं सांगून तो कुणालाही परत पाठवत नाही. पश्चात्ताप कुठे दिसायला हवा, ते तो बोट ठेवून दाखवतो.

हाच प्रश्न नाशिकमध्ये उभं राहून विचारा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असेल तर डिसेंबर म्हणजे घडांची विरळणी आणि डिपिंगचे (घड औषधात बुडवण्याचे) दिवस. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात, मुलंबाळं सोबत, रात्री कडाक्याची थंडी. त्यांची मजुरी तुम्ही वेळेवर देता का? मुकादमाला दिली म्हणजे मजुराच्या हाती पोचली, असं धरून चालता का? दिवसाची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितलं आहे, आणि अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते असं याकोब आपल्या पत्रात लिहितो. बागायतदार विश्वासी माणसाचं नाताळचं समर्पण याहून वेगळीकडे शोधायची मला गरज दिसत नाही.

नर्स असाल, तर ज्या पेशंटला भेटायला कुणीच येत नाही त्याच्यापाशी थांबण्याची दोन मिनिटं. शिक्षक असाल, तर ज्या मुलावर तुम्ही मनातून फुली मारली आहे तो मुलगा. दुकान असेल, तर वजन आणि उधारीची वही. रिक्षा चालवत असाल, तर रात्री सीबीएस बसस्थानकावर उतरलेल्या अनोळखी माणसाकडून घेतलेलं भाडं. तरुणांसाठी हा प्रश्न बहुतेक हातातल्या फोनपाशी येऊन थांबतो. तिथे काय पाहता हे तुमच्याशिवाय फक्त देवाला ठाऊक असतं. घर सांभाळणाऱ्या बहिणीला हा प्रश्न वेगळा ऐकू येईल. ती आधीच सगळ्यांसाठी झिजत असते, तिच्यावर आणखी एक काम लादू नका. तिचं समर्पण म्हणजे रोजचा अर्धा तास दार लावून प्रभूपाशी बसणं असू शकतं, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघर कुणीतरी सांभाळणं हे घरातल्या इतरांचं.

समर्पणाचं एक वाक्य

१४ तारखेला चौदावा अध्याय येईल. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असा दाखला प्रभूने त्यात दिला आहे. त्या दिवशी वही उघडा आणि अडखळलेल्या जागा पुन्हा वाचा. दोन-तीन विषय वारंवार आलेले दिसतील. त्यातला एक निवडा.

तो एका वाक्यात लिहा. ‘मी चांगला ख्रिस्ती होईन’ हे वाक्य चालणार नाही. ते पाळलं की मोडलं हे कुणालाच कळत नाही. ‘दर शनिवारी मजुरी मी प्रत्येकाच्या हातात स्वतः देईन’ हे चालेल. ‘रोज रात्री साडेनऊला फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलांसोबत प्रार्थना करीन’ हे चालेल. ‘दर महिन्याला उत्पन्नाचा दशांश पगार झाल्याच्या दिवशीच बाजूला काढीन’ हेही चालेल. वाक्यात काय, कधी आणि कसं हे तिन्ही यायला हवं.

लिहिताना मोठं काहीतरी लिहिण्याचा मोह होतो. रोज तासभर प्रार्थना, दर शुक्रवारी उपवास, पूर्ण शास्त्र तीन महिन्यांत. आवर घाला. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, गोळ्या चालू असतील तर उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. आणि घरच्यांच्या पैशावर किंवा वेळेवर परिणाम करणारं काही ठरवत असाल, तर जोडीदाराशी आधी बोला. त्याच्या किंवा तिच्या वाट्याचा त्याग आपण परस्पर देवाला देऊन टाकू शकत नाही.

मग हे वाक्य एका माणसाला वाचून दाखवा. कॅथलिकांसाठी आगमनकाळातलं पापनिवेदन ही त्याची सहज जागा आहे. नाताळच्या आदल्या दोन दिवसांत रांगा लागतात आणि फादरना नीट बोलायला सवड मिळत नाही. म्हणून १५ तारखेच्या सुमारास जा. प्रोटेस्टंट असाल तर पाळकसाहेबांकडे किंवा मंडळीतल्या एखाद्या मुरलेल्या, तोंडाने घट्ट माणसाकडे जा. ‘चाळीस दिवस मला दर रविवारी विचारा’ एवढंच मागायचं. सोशल मीडियावर हे टाकू नका. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल गुप्तपणाच सांगितला आहे.

ज्याच्याशी बोलणं बंद आहे

हा या तयारीतला सगळ्यात जड भाग. वेदीजवळ अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो. नाताळची उपासना, कॅरल, प्रभुभोजन, सगळं या वाक्याच्या पुढे येतं. आपल्या मंडळ्यांत एकाच बाकावर बसून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे भाऊ आहेत. सातबाऱ्यावरून, आईच्या दागिन्यांवरून, लग्नात झालेल्या एखाद्या शब्दावरून, मंडळीच्या निवडणुकीवरून.

१५ डिसेंबरला उधळ्या पुत्राचा अध्याय आहे. थोरला भाऊ अंगणातच थांबतो आणि बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. तो वाचला की ज्याचं नाव मनात आलं, त्याच्याकडे २० तारखेच्या आत जाऊन या. नाताळच्याच दिवशी फराळाचं ताट घेऊन गेलात, तर समोरच्याला नीट बोलताही येत नाही आणि नाही म्हणताही येत नाही. आधी फोन करा: ‘दादा, मला तुला भेटायचंय. जमिनीचं बोलायचं नाही. माझं चुकलं तेवढं सांगायचंय.’ गेल्यावर खरोखर तेवढंच सांगा. ‘माझं चुकलं, पण तूही…’ यातला ‘पण’ निघाला की माफी संपली आणि जुनं भांडण सुरू झालं. कागदपत्रांचा प्रश्न राहिलाच असेल तर त्यासाठी जानेवारीत वेगळा दिवस ठरवा, हवं तर दोघांना मान्य असा तिसरा माणूस घेऊन.

त्याने दार उघडलं नाही तर? तुमचं अर्पण अडत नाही. गेलात, बोलायला तयार होतात, तेवढं तुमच्या हाती होतं. पुन्हा ईस्टरच्या आधी एकदा विचारा.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ज्या नात्यात मारहाण झाली आहे, छळ झाला आहे किंवा लहानपणी अत्याचार झाला आहे, त्या माणसाकडे नाताळच्या नावाखाली कुणी कुणाला पाठवू नये. मनातली सूड घेण्याची इच्छा प्रभूच्या हाती सोपवणं ही एक गोष्ट, त्या घरात परत जाणं ही अगदी वेगळी. पाळकांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘सणासुदीचं मिटवून टाका’ असं म्हणून अशा बहिणीवर दडपण आणलं, तर ते चुकीचं आहे.

१९ तारखेच्या अध्यायात जक्कय येतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत, असं तो भर गर्दीत सांगतो. कुणाचे पैसे द्यायचे राहिले असतील तर ते नाताळच्या खरेदीआधी द्या. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

२४ डिसेंबरची रात्र

नाशिकरोडच्या सेंट अ‍ॅन कॅथेड्रलला किंवा त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉस चर्चला रात्रीच्या मिस्साला जाणारे असोत, की सेंट अँड्र्यूजमध्ये २५च्या सकाळी उपासनेला जाणारे, २४च्या संध्याकाळी घरात अर्धा तास मोकळा ठेवा. त्यासाठी फराळ २३लाच बनवून संपवा. एखादा प्रकार कमी झाला तरी चालेल. त्या दिवशीचा चोविसावा अध्याय सकाळी वाचून घ्या, अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित येशू भेटलेल्या दोघांचा. संध्याकाळी दुसऱ्या अध्यायाची पहिली वीस वचनं पुन्हा वाचायची.

सगळे गव्हाणीभोवती बसा. दिवे मालवून फक्त मेणबत्त्या ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत. घरातल्या सगळ्यात लहान वाचता येणाऱ्या मुलाला वाचायला द्या. वाचून झाल्यावर तीन-चार मिनिटं कुणीही बोलू नका. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, होऊ द्या. मग ज्याने त्याने आपलं वाक्य लिहिलेला कागद मनात वाचून, घडी करून गव्हाणीत ठेवावा. मोठ्याने वाचायची सक्ती नको, विशेषतः किशोरवयीन मुलांवर. नंतर घरातल्या एकाने प्रार्थना करावी. स्वतःच्या शब्दांत करता आली तर उत्तम. नसेल तर ही घ्या:

‘हे प्रभू येशू, तू आमच्यात राहायला आलास आणि तुला जागा मिळाली नाही. माझ्या घरात, माझ्या कामात, माझ्या पैशात जी जागा मी अडवून ठेवली होती ती आज तुला मोकळी करून देतो. मी लिहिलेलं माझ्या ताकदीवर पाळू शकणार नाही. तुझा पवित्र आत्मा मला दे. मी पडलो तर मला उचल, आणि ज्यांच्याशी मी वाईट वागलो त्यांचं भलं कर. आमेन.’

पेटी असेल तर एखादं भजन म्हणा. मराठी ख्रिस्ती भजनांना टाळ आणि तबल्याची साथ शोभते, आणि आजीला जे भजन येतं तेच निवडलं की सगळं घर गातं.

नाताळचा दिवस आणि पुढचे बारा

२५ तारखेला फारसं काही नवीन करायचं नाही. उपासनेला जा, प्रभुभोजन घ्या, भेटणाऱ्यांना सलाम करा, मनापासून खा आणि खाऊ घाला. एवढं मात्र ठरवून करा: मंडळीत ज्या घरी यंदा कुणी गेलं आहे आणि हा पहिलाच नाताळ आहे, तिथे सकाळीच जा. तिथे चांदणी लागलेली नसते आणि सगळे दुपारनंतर, कसंनुसं होऊन जातात. डबा घेऊन जा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. शेजारच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांत ताटं नेताना कुणी सहज विचारलं, ‘तुमच्यात नाताळला नेमकं काय असतं?’, तर जन्माची गोष्ट चार वाक्यांत सांगा आणि त्यांचंही ऐका.

नाताळचा काळ २५ला संपत नाही. २६ डिसेंबर हा पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचा दिवस, २८ डिसेंबर हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा, ६ जानेवारी पूर्वेकडून आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांच्या आगमनाचा. समर्पण पाळायला सुरुवात २६लाच करा, १ जानेवारीची वाट पाहू नका. मेथडिस्ट परंपरेत नव्या वर्षाच्या सुरुवातीला कराराच्या नूतनीकरणाची उपासना होते. जॉन वेस्लींनी ती १७५५ साली लंडनमध्ये घेतली होती. तुमच्या मंडळीत ती असेल तर आपला कागद खिशात घेऊन तिला जा.

आपल्या शहराचीच एक आठवण इथे सांगतो. एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा आणि शिक्षण मिळालं. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले तेव्हा तो त्यांच्या तांड्यात होता. त्याने तिथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली, आणि त्याच्या सोबत्यांनी तो देह कित्येक महिने चालत, आजारपण आणि धोके सोसत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८७४च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता. शरणपूर रोडवरून जाताना मुलांना हे जरूर सांगा. घेतलेलं काम शेवटापर्यंत नेणाऱ्यांचा वारसा आपल्या पायाखालच आहे.

मोडलं तर

मोडेल. बहुतेक पहिल्या पंधरवड्यातच, पाहुणे आणि लग्नसराईच्या गडबडीत. तेव्हा २२ डिसेंबरचा अध्याय पुन्हा उघडा. ‘मी तुरुंगात जायलाही तयार आहे’ असं म्हणणारा शिष्य पेत्र त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारतो, आणि तो नाकारणार हे ठाऊक असूनही प्रभूने त्याच्यासाठी आधीच प्रार्थना केलेली असते. स्वतःला शिक्षा म्हणून समर्पण दुप्पट करू नका. त्याने ते आणखी लवकर मोडतं. ज्याला सांगितलंय त्याला त्याच आठवड्यात खरं सांगा आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा सुरू करा.

अजून बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी

काहीजण मित्रासोबत नाताळच्या उपासनेला येतात आणि मन हलतं. त्या रात्रीच काही जाहीर करायची घाई नको. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका परक्या माणसाने नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, त्याच्याशी झगडले, आणि मग १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्या मार्गावर आणखी काही वर्षांनी आणि स्वतःच्या विचाराने आल्या. तुम्हीही लूक वाचा, प्रश्न घेऊन पाळकांकडे किंवा फादरकडे जा, घरच्यांपासून लपवू नका, आणि कुणी पैशाचं, नोकरीचं किंवा लग्नाचं आमिष दाखवलं तर तिथून निघून या.

२ फेब्रुवारीचा हिशेब

नाताळ धरून चाळिसाव्या दिवशी बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याचा सण येतो. मंदिरात त्या बाळाला ओळखणाऱ्या शिमोन आणि हन्नाची ती गोष्ट लूकच्या दुसऱ्याच अध्यायात आहे. त्या संध्याकाळी गव्हाणीतला कागद काढा आणि ज्याला सांगितलं होतं त्याच्यासोबत बसा. किती दिवस पाळलं यापेक्षा हे बघा: या वाक्यामुळे कुणाचं काही बदललं का? मजुराचं, बायकोचं, भावाचं? त्यांनाच विचारा. बदललं असेल तर वाक्य तसंच पुढे चालवा, नवं जोडू नका. वाक्यच चुकीचं निवडलं होतं असं दिसलं, तर दुरुस्त करून नव्या कागदावर लिहा. काही दिवसांत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला गर्दी लोटेल. तिथे जाणार असाल तर तो कागद सोबत न्या. आणि पुढे राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू होताना, पुन्हा एकदा उघडून वाचा.